आठच्या पाढ्यातली कुंची

क्रोशाची कुंची, म्हणजे पाठीवर पदर सोडलेली बाळाची टोपी, ही काही नवी गोष्ट नाही. हौशी बायका पूर्वीपासून करत आल्या आहेत, बाजारात तयार मिळते, व्हिडिओही भरपूर आहेत. तरी भाचीच्या बाळंतविड्यासाठी कुंची करायला घेतली तेव्हा मनासारखा नमुना मिळेना. मला दिसलेल्या बहुतेक कुंच्या म्हणजे एक लांब पट्टा विणायचा, मध्ये दुमडायचा आणि मागून शिवून टाकायचा. ती शिवण नेमकी बाळाच्या डोक्यामागे येते. ज्याची टाळू अजून भरलेली नाही, जे दिवसभर कुठे ना कुठे टेकलेलंच असतं, त्या डोक्याखाली जाड शिवण मला नको होती. गळ्याशी लांब नाड्या आणि त्यांना गोंडे, तेही नको होते. शिवाय प्रत्येक कुंची कुठल्यातरी एका बाळाच्या मापाची. मोठी कशी करायची, लहान कशी करायची, सूत जाड असेल तर काय करायचं, याचं उत्तर सगळीकडे एकच: अंदाजाने घ्या.

म्हणून नमुना स्वतः बसवला. तो कागदावर उतरायला फार वेळ लागला नाही. त्याहून कितीतरी जास्त वेळ तो आमच्या लोकलच्या डब्यातल्या बायकांच्या हातांतून फिरण्यात गेला, आणि मला आज लिहायचंय ते त्या हातांबद्दल.

आम्ही डोंबिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या फास्ट गाडीच्या. गाडी इथूनच सुटते म्हणून बसायला मिळतं. तीन जणी नीट बसतात, चौथी कडेला टेकते. कुणी शेंगा सोलतं, कुणी स्तोत्र म्हणतं, कुणी डोळे मिटून घेतं, आणि खिडकीकडच्या दोन बाकांवर आमचं विणकाम चालतं. ठाणं येईपर्यंत कोपर हलवायला जागा असते. ठाण्याला गर्दी आत आली की हात अंगाशी घेऊन विणायचं. दिवाळीआधी इथे क्रोशाच्या रांगोळ्या होतात, भाद्रपदात मोदक आणि गजरे, लग्नसराईत रुखवताचं सामान. पहिल्यांदा सुई हातात धरणारीला साखळी घालायला शिकवण्यापासून ते पोरीच्या दहावीच्या टेन्शनपर्यंत सगळं त्या दोन बाकांवर होतं. मी फोर्टातल्या एका ऑफिसात हिशेब बघते. आकड्यांची सवय तिथली, पण नमुना बसवायचं धाडस या डब्यातलं.

गाडीत विणायचं म्हटलं की नमुन्याकडून एक वेगळीच अपेक्षा येते. कागद उघडून तक्ता बघायला जागा नसते. मध्येच कुणी "उतरणार का?" विचारतं, मध्येच पर्स शोधावी लागते, आणि परत सुई हातात घेतली की आपण कुठे होतो ते टाक्यांकडे बघूनच कळलं पाहिजे. म्हणून मी ठरवलं की हा नमुना पाठ होणारा हवा.

सुरुवात डोक्याच्या मागच्या गोलापासून केली. जुन्या पद्धतीच्या बाळटोप्यांचा आकार असाच असतो: मागे गोल, त्याच्या कडेवरून पुढे येणारी भिंत, मानेशी थोडी जागा मोकळी. शिवण कुठेच येत नाही. गोल सपाट राहायचा तर दर फेरीला किती टाके वाढवायचे, याचं गणित ठरलेलं आहे. मुका खांब हा क्रोशातला बुटका टाका, जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच, म्हणून त्याला दर फेरीला ६ वाढवावे लागतात, कारण त्रिज्या एकने वाढली की परीघ सव्वासहाने वाढतो. अर्धा खांब जरा उंच, त्याला ८. पूर्ण खांबाला साधारण १२. कमी वाढवले की वाटी होते, जास्त वाढवले की झालर. आमच्यातल्या एक शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांनी हे ऐकून लगेच डायना टाइमिना यांचं नाव काढलं. या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठात मुद्दाम टाके वाढवत वाढवत अशीच झालर विणली आणि हायपरबोलिक, म्हणजे झालरीसारख्या पसरत जाणाऱ्या पृष्ठभागाच्या, भूमितीचं प्रतल विद्यार्थ्यांना हातात धरून बघता येईल असं केलं. बाईंनी हे सांगितलं तेव्हा आमच्या बाकावर खरंच शांतता पसरली. आपण रुमालाची कड फुगली म्हणून जी उसवतो, तिच्यात एवढी मोठी भूमिती आहे हे ऐकून मला फार आनंद झाला होता.

मी अर्धा खांब निवडला. मुका खांब टोपीला घट्ट होतो, पूर्ण खांबाला फटी पडतात आणि बाळाचं बोट अडकायची भीती असते. अर्धा खांब घेतला म्हणजे दर फेरीला ८ टाके वाढणार, म्हणजेच आठचा पाढा. आठ एके आठ, आठ दुणे सोळा, आठ त्रिक चोवीस. कितवी फेरी चालू आहे ते विसरलं तर टाके मोजायचे आणि पाढ्यात शोधायचे. आठव्या फेरीला ६४ टाके होतात आणि गोल पूर्ण होतो. मग मानेसाठी १० टाके सोडायचे आणि उरलेल्या ५४ टाक्यांवर पुढे-मागे १५ ओळी. टोपी तयार.

खरा विचार पदराचा करावा लागला. कुंचीला टोपीपासून वेगळं करतो तो पाठीवर सोडलेला पदरच. कापडाच्या कुंचीत तो मानेशी चुण्या घालून जोडतात. विणकामात चुण्या घातल्या की मानेशी गाठोडं होतं. मी मानेच्या कडेतून टाके उचलले: सोडलेले १० टाके आणि दोन्ही बाजूंच्या ओळींच्या टोकांचे पंधरा-पंधरा, एकूण ४०. आठ पंचे चाळीस! हे जुळलं तेव्हा मी गाडीत मोठ्याने म्हटलं असेन, कारण समोरच्या काकूंनी वर बघितलं. चाळीस म्हणजे पाच-पाच टाक्यांच्या आठ कळ्या. घागऱ्याला कळ्या लावतात तशा या कळ्या एक ओळ सोडून एकेक टाक्याने रुंद करत न्यायच्या: ४८, ५६, ६४, ७२, ८०. आठ दाहे ऐंशीला पाढा संपतो, वाढही संपते. तिथून खाली पाहिजे तेवढी लांबी सरळ विणायची. वर डोक्यामागे आठ कोन, खाली पाठीवर आठ कळ्या, आणि नजरेला दोन्ही एकाच हाताचे वाटतात.

आमच्याकडे कुंची खणाची शिवायची पद्धत. गुळेदगुड्डचा खण, त्यावर बारीक बुट्टी आणि वेगळ्या रंगाचा काठ. तो खण विणकामात आणायचा मोह होता, पण बाळाच्या अंगाला टोचेल किंवा मागून लोंबते दोरे राहतील असं काही नको होतं. एकाच घरात तीन अर्धवट खांब घालून ते एकदम बंद केले की तांदळाच्या दाण्याएवढा उठाव येतो. दर आठव्या टाक्याला एक उठाव, चार ओळींनी पुन्हा, पण चार टाके सरकवून. डब्यात या टाक्याचं नाव कुणीतरी 'अक्षता' ठेवलं आणि तेच कागदावर गेलं. शेवटच्या सहा ओळी दुसऱ्या रंगात, मुक्या खांबाच्या, म्हणजे काठ जरा जड होतो आणि पदर वर गुंडाळत नाही.

इथवर काम माझं एकटीचं. आता कुंची झाली होती, नमुना व्हायचा होता. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे ते मला या बायकांनी दाखवलं.

करून बघायला सहा जणी पुढे आल्या. मी मुद्दाम सगळ्यांना एकाच जाडीचं सुती सूत आणि २.७५ मिमीची सुई दिली. आठ फेऱ्यांनंतर गोल शेजारी शेजारी मांडले तर एक सव्वानऊ सेंटिमीटरचा, एक जवळजवळ बारा. हात. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. घट्ट हाताच्या ठाकुर्लीच्या काकू वर्षानुवर्षं बारीक दोऱ्याचे रुमाल करत आल्या. दोरा बोटाभोवती दोनदा गुंडाळून ओढायची त्यांची सवय आहे, आणि ती सवय त्यांच्या रुमालांचं सौंदर्य आहे. त्यांना मी सैल विणा कशी म्हणणार? सांगायचं ते सुईला. घट्ट हात असेल तर ३ मिमी घ्या, तरी लहान येत असेल तर सव्वातीन. टाक्यांची संख्या कुणीही बदलायची नाही, म्हणजे पाढा सगळ्यांचा एकच राहतो.

पण आठ फेऱ्या करून मग कळण्यापेक्षा आधीच कळलं तर उसवायचं वाचतं. गाडीत मोजपट्टी कोण काढणार? यावर उपाय काढला तो ठाण्याला चढणाऱ्या मैत्रिणीने. ती कायम उभी असते, पर्स छातीशी, आणि तरी विणते. तिने दुसऱ्या फेरीनंतर सुट्या पैशांतून दहाचं नाणं काढलं आणि माझ्या गोलावर ठेवलं. कड बरोबर जुळली. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, आणि माझ्या हाताच्या दोन फेऱ्या तेवढ्याच भरतात. आता नमुन्याच्या पहिल्याच पानावर ते लिहिलंय: दोन फेऱ्या झाल्या की दहाचं नाणं ठेवा. गोल नाण्याबाहेर डोकावला तर सुई एक नंबर बारीक, नाण्याखाली लपला तर एक नंबर जाड. पक्की खात्री आठव्या फेरीनंतर पट्टीने करायची, साडेदहा ते पावणेअकरा सेंटिमीटर. मी ऑफिसात बसून तक्ते मांडले असते, पण नाणं मला सुचलं नसतं.

आमच्यात एक डावखुरी आहे. क्रोशात डावखुऱ्यांची फेरी उलटी फिरते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. माझ्या पहिल्या मसुद्यात "उजव्या बाजूला वळा", "डावीकडचे दहा टाके सोडा" अशी भाषा होती. तिने शांतपणे सगळा कागद वाचला आणि पेन्सिलीने प्रत्येक उजवं-डावं गोल केलं. मग आम्ही दोघींनी बसून ते सगळं बदललं. 'मानेकडे', 'कानाकडे', 'चेहऱ्याकडे', 'पुढच्या टाक्यात'. बाळाच्या अंगाला धरून दिशा सांगितली की कुठल्याही हाताची बाई विणू शकते. माझ्या मते संपूर्ण नमुन्यात झालेला हा सर्वांत चांगला बदल आहे, आणि आता मी काहीही लिहिते तेव्हा उजवं-डावं टाळते.

भाषेचा आणखी एक मुद्दा होता. आमच्यापैकी तिघी इंग्रजी नमुन्यांवरून विणतात, बाकीच्या ऐकून आणि बघून शिकलेल्या. इंग्रजी नमुन्यात ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धती वेगळ्या. अमेरिकेत जो सिंगल क्रोशे तोच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे, त्यामुळे सुरुवातीला कुणाचाही गोंधळ होतो. मी सगळं मराठीत लिहिलं, साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, आणि सोबत चिन्हांचा तक्ता दिला. ज्यांना वाचायचंय त्या वाचतात, ज्यांना बघायचंय त्या बघतात.

गळ्याचं बंद करणं मात्र बरेच दिवस अडलं होतं. नाड्या नकोत हे ठरलेलं, कारण लांब नाडी बाळाच्या गळ्याशी असणं धोक्याचं. प्लास्टिकचं बटण तुटून तोंडात जाऊ शकतं. वेल्क्रोची चिकटपट्टी सुताला ओढते आणि बाळाच्या मानेला घासते. ठाकुर्लीच्या काकूंची आई झबली-अंगडी शिवायची. त्यांनी त्याच सुताची गुंडी करून दाखवली, जशी पूर्वी अंगरख्याला असायची: दोऱ्याची गाठ आतल्या आत घट्ट वळवून केलेली आणि मुळाशी सगळ्या बाजूंनी टाचलेली. समोर गळ्याखाली दोन बोटं रुंद पट्टी एकावर एक येते, गुंडी बाजूला, मध्ये नाही, म्हणजे हनुवटीला लागत नाही. ओढून बघायची पद्धतही काकूंनीच सांगितली: दोन्ही हातांनी, पूर्ण जोर लावून, आणि जरा जरी हलली तरी पुन्हा टाचायची. नमुन्यावर ठळक लिहिलंय की बाळ झोपलं की कुंची काढून ठेवायची.

सूत सुतीच घ्या, असा माझा आग्रह आहे. ॲक्रिलिक स्वस्त पडतं, रंग छान मिळतात, धुवायला सोपं, हे सगळं खरं. पण मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत बाळाच्या डोक्याला त्याने घाम येतो. पुण्या-नाशिकच्या थंडीत लोकर चालेल. सुती कामाला मात्र लवचिकपणा नसतो आणि स्वतःच्या वजनाने ते लांबतं, म्हणून पदर मापापेक्षा बोटभर आखूड थांबवायचा आणि धुतल्यावर कुंची दोरीवर न टांगता पंचावर सपाट वाळवायची.

आमच्यातल्या एकीला मापाच्या शिस्तीचं महत्त्व आधीपासून ठाऊक होतं. मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या समूहाने २०१६ च्या जानेवारीत चेन्नईला तोवरचं जगातलं सर्वांत मोठं क्रोशाचं ब्लँकेट जोडलं, ११,१४८.५ चौरस मीटर, गिनीज बुकात नोंद झाली. देशभरातून आणि परदेशांतूनही बायकांनी ४० इंच बाय ४० इंचाचे तुकडे करून पाठवले होते, त्यांत तिचाही होता. ती सांगते, रंग आणि टाका तुमच्या आवडीचा, पण माप म्हणजे माप. एकमेकींना कधी न भेटलेल्या हजारभर हातांचं काम कडेला कड लावून जोडायचं तर दुसरा मार्गच नाही. माझ्या नमुन्यात प्रत्येक टप्प्याला सेंटिमीटर लिहायला तिनेच भाग पाडलं.

आता हा नमुना "माझा" का म्हणायचा, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली आणि ती मला नोंदवून ठेवावीशी वाटते.

माझी आजी नाशिकची. तिच्याकडे जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांवर टाचलेले विणकामाचे तुकडे होते, कुणाच्या रुमालाची कड, कुणाच्या तोरणातला पोपट. शेजारणीचा रुमाल दोन दिवसांसाठी मागून आणायचा, खांब मोजायचे आणि नमुना उतरवून घ्यायचा. देणारीला त्यात अभिमान वाटायचा. त्या पुठ्ठ्यांमुळेच मी विणायला शिकले, त्यामुळे उतरवून घेण्याला मी वाईट म्हणणार नाही. पण आजीच्या एकाही पुठ्ठ्यावर तो नमुना कुणी बसवला त्याचं नाव नाही. तो पोपट पहिल्यांदा चौकटीच्या कागदावर कुणी मांडला, हे आता कधीच कळणार नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गोदावरी आमच्या त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि जिथे समुद्राला मिळते त्या भागात आंध्रातलं नरसापूर आहे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून तिथल्या बायका क्रोशाची लेस शिकल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ती जगभर गेली. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, हे चांगलंच झालं. गावाचं नाव लागलं. पण टेबलक्लॉथ परदेशातल्या घरात पोचतो तेव्हा त्याच्यावर विणणारीचं नाव नसतं. नदीच्या दोन्ही टोकांना तीच गोष्ट.

म्हणून आमच्या नमुन्याच्या शेवटच्या पानावर मी स्पष्ट लिहिलं आहे. आठ वाढींचा गोल कुणाचाच नाही, तो गणिताचा आहे. मागच्या गोलापासून सुरू होणारी टोपी जुनी आहे. उठावाचा टाका जुना आहे, नाव नवं. माझं काय, तर मानेच्या चाळीस टाक्यांतून आठ कळ्यांचा पदर काढणं, अक्षतांची मांडणी, काठ, आणि एका पाढ्यात सगळं बसवणं. नाण्याची युक्ती ठाण्याच्या मैत्रिणीची, गुंडी ठाकुर्लीच्या काकूंची, दिशांची भाषा डावखुरीची. प्रत्येकीचं पूर्ण नाव, तिने काय दिलं त्यासह, तिच्या परवानगीने छापलंय. इथे ती नावं देत नाही, कारण कागदावर यायला त्यांनी होकार दिला होता, इंटरनेटवर नाही. काकूंनी ते पान घरी नेऊन सुनेला दाखवलं. गेली चाळीसेक वर्षं त्या विणत आहेत, आणि छापील अक्षरात विणकामासोबत नाव त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

कायद्याचंही थोडं वाचलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने नमुन्याचा लिहिलेला मजकूर, तक्त्याचं चित्र आणि फोटो यांना संरक्षण मिळतं. टाका किंवा विणायची पद्धत कुणाच्या मालकीची होत नाही, आणि होऊही नये. आमच्यात यावर दोन मतं होती. एकीचं म्हणणं, नमुना विकायचा. दुसरीचं, सगळ्यांना मोकळा द्यायचा. शेवटी जे ठरलं ते मला पटलं आहे: कुंच्या कुणीही करा, कितीही विका, त्या कष्टाचा पैसा करणारीचाच. कागद जसाच्या तसा द्या, पण शेवटचं पान काढून देऊ नका. मैत्रिणीला उतरवून द्यायचं असेल तर हातानेच उतरवा, आणि खाली नावंही उतरवा.

विकणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. कुंचीला जेमतेम १०० ते १२० ग्रॅम सूत लागतं, म्हणून गिऱ्हाईक सुताच्या किमतीवरून भाव करतं. तुम्ही तासांवरून करा. आमच्या डब्यातल्या दोघींनी तसं सांगायला सुरुवात केली आहे. काही गिऱ्हाइकं गेली, पण राहिलेली पुन्हा आली.

भाचीला मुलगी झाली. बारशाला तिने कुंची घातली, गर्द हिरवी, तांबडा काठ. गुंडीवर बाळाने मूठ धरून भरपूर ओढाओढ केली आणि गुंडी हलली नाही, हे मी काकूंना सोमवारी गाडीत आधी सांगितलं, बाकीचं बारसं नंतर.

आता पुढचं काम सुरू आहे. आमच्यातल्या एकीची बहीण नवजात अर्भकांच्या विभागात परिचारिका आहे. तिने विचारलं की मुदतीआधी जन्मलेल्या, अगदी लहान बाळांसाठी असं काही करता येईल का, घरी सोडल्यानंतर घालायला. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतं, या बाळांचं त्याहून बरंच लहान. म्हणजे आठच्या पाढ्यात सहाव्या फेरीला, ४८ टाक्यांवर थांबायचं. मानेचे ८ सोडले तर ४० उरतात. बाजूच्या १२-१२ ओळी धरून मान ३२ ची होते, आणि त्या ३२ च्या पुन्हा आठ कळ्या पडतात, चार-चार टाक्यांच्या. कागदावर जुळतंय. अक्षता या मापाला जड होतील असं मला वाटतं, मैत्रिणींना वाटत नाही, ते विणूनच ठरेल. सूत आणखी बारीक आणि मऊ हवं, सुई बहुधा २.२५ मिमी.

करून बघायला या वेळी घट्ट हाताच्या दोघी, सैल हाताच्या दोघी आणि शक्य झालं तर आणखी एक डावखुरी हवी आहे. अर्धा खांब येत असेल तर पुरे, बाकीचं आम्ही दाखवू. सूत आमच्याकडून मिळेल. डोंबिवलीहून येणाऱ्या असाल तर सकाळच्या फास्टला खिडकीकडच्या दोन बाकांवर या, आणि पर्समध्ये दहाचं एक नाणं असू द्या.